पावातली पट्टी

बेकरीत त्याला सगळे टापटीप म्हणत, आणि त्याला ते नाव आवडायचं, यातच काय ते समजा. अ‍ॅप्रनवर डाग नाही, नखांत पीठ नाही, केसांवर जाळी अशी चापून बसवलेली की वादळ आलं तरी हलायची नाही. स्वच्छ राहण्यात वाईट काहीच नाही. पण हा गडी स्वच्छ राहायचा तो दुसऱ्यांकडे बघून नाक मुरडता यावं म्हणून. आणि दुसरे म्हणजे मुख्यतः त्याचा सख्खा मामा.

मामा त्याच बेकरीत भट्टीवर होता. मेहुणा वारल्यावर बहिणीला आणि भाच्याला त्यानेच आपल्या दोन खोल्यांत आणलं, भाच्याला पीठ मळायला शिकवलं, कामाला लावलं. पण माणूस दिसायला गबाळा. नखांत काजळी, बोटांवर भाजल्याचे चट्टे, नाक पुसायचं ते बाहीला. जेवायला बसला की मचमच आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जायचा. भाचा आपलं ताट उचलून खिडकीपाशी जाऊन बसायचा. आईने डोळे वटारले की मामाच म्हणायचा, "बसू दे गं, तिकडे वारा चांगला येतो."

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. येशूच्या आठवणीत सगळे एकाच पावाचे तुकडे खात, आणि तो पाव हे दोघे मिळून करत. एका रविवारी पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, तो मोडला, ताट बाकांवरून फिरलं, आणि त्यांच्या पत्नी, पाळकबाई, चावता चावता थांबल्या. तोंडात बोट घालून त्यांनी जे बाहेर ओढलं ती जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. भाजून तपकिरी झालेली, आणि मधल्या कापसावर रक्ताचा वाळलेला डाग. शी! शेजारची बाई तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली. बाकीच्यांना आपापला घास धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांचे डोळे आपसूक मामाच्या हातांकडे वळले. मामासुद्धा गोंधळून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघू लागला. टापटीपने खिशात हात घालून अंगठा चाचपला. पहाटे सुरी लागली म्हणून गुंडाळलेली पट्टी तिथे नव्हती.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. त्याने उघडलंही. आईकडे वळून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "किती वेळा सांगितलं मामाला, हात बघत जा म्हणून!"

या वाक्याची जेवढी घाण वाटते तेवढी त्या पट्टीचीही वाटत नाही.

मालकाने मामाला भट्टीवरून काढलं आणि राख उपसायला, फरशी पुसायला लावलं. पिठाला हात लावायची बंदी. पुढचा पाव टापटीपने एकट्यानेच करावा, असं पाळकांनी सांगितलं. घरी आई रोज विचारू लागली, "दादा, साबण लावलास ना?" मामा मोरीत हात घासत राहायचा, कातडी सोलवटेपर्यंत. मग आपलं ताट घेऊन खिडकीपाशी बसायचा. आता तो बसायचा तिथे.

टापटीप मात्र रोज झोपण्याआधी गुडघे टेकून देवाची क्षमा मागत होता. अगदी डोळ्यांत पाणी आणून. देवाची क्षमा मागायला त्याचं काय जात होतं? देव काही बेकरीत येऊन चारचौघांत त्याची शोभा करणार नव्हता. प्रार्थना झाली की पठ्ठ्या हातांना क्रीम लावून झोपायचा.

वर तो चर्चच्या तरुण संघाचा पुढारी. शनिवारच्या सभेत पोरापोरींपुढे उभा राहून त्याने भाषण ठोकलं. गर्व सोडा, नम्र व्हा, क्षमा मागा. समोर नखं खात बसलेल्या एका मुलीने विचारलं, "आपण ज्याचं वाईट केलं, आधी त्याच्याकडे जायचं की देवाकडे?"

"देवाकडे," तो म्हणाला. "माणसांचं काय, नंतर बघता येतं."

"मग येशू असं का म्हणाला, की अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर?"

सगळी पोरं उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याला त्या तोंडाचीच किळस आली. सभा तशीच सोडून तो घरी आला.

मामा खिडकीपाशी चहात पाव बुडवून खात होता. मचमच चालूच होती.

"मामा, ती पट्टी माझी होती."

"ठाऊक आहे. सकाळी तुझ्या अंगठ्याला होती, चर्चमध्ये नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू मला खोटं पाडलं असतंस. एकदा खोटं बोललास तेवढं पुरे होतं."

टापटीप खाली बसला. रडताना नाक गळायला लागलं, आणि रुमाल न सापडून त्याने ते बाहीला पुसलं. "माफ कर मला, मामा."

"मी तर केलंय रे. पण मला सांगून काय उपयोग? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकांनी मोडलेल्या पावाचं ताट हातात घेऊन टापटीप बाकांपुढे उभा राहिला आणि ततपप करत सगळं बोलला. पट्टी कुणाची ते बोलला, मामावर ढकललं तेही बोलला. लोकांच्या चेहऱ्यावर तीच किळस आली, जी त्याने आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती. आईने मान खाली घातली. ताट पुढे केलं तर एकही हात उठेना. तो ते धरून उभाच राहिला, दंड दुखायला लागले तरी.

मागच्या बाकावरून मामा उठला. बाहीला नाक पुसलं, पुढे आला, चांगला मोठा तुकडा उचलून तोंडात घातला. सगळ्या चर्चभर मचमच ऐकू आली. आवाज तसाच होता, घाणेरडा. टापटीपने ताट हलू दिलं नाही.

"मधे कच्चा राहिलाय," मामा म्हणाला. "पुढच्या वेळी मी भाजतो."

तेव्हा पाळकबाई उठल्या. त्यांनी एक तुकडा घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, आणि तोंडात टाकला.