नटीआत्या आणि समोरचा खड्डा

माझ्या आत्याला काहीही विचारलं तरी ती लगेच उत्तर देत नसे. "आत्या, चहा ठेवू का?" असं विचारलं की आधी तिची मान जराशी डावीकडे कलायची, नजर खाली जायची, एक श्वास जायचा आणि मग शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर यायचं, "ठेव. साखर कमी टाकजो." वर्ध्याच्या नालवाडीतल्या शेजाऱ्यांना वाटायचं, बाई फार विचारी आहे. घरच्यांना खरं कारण माहीत होतं. आई तर तिच्या तोंडावर म्हणायची, "थांबा वं, खड्ड्यातून आवाज नाई आला अजून."

हा खड्डा काय ते सांगायला हवं. आत्यानं उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत घालवली. दिवाळी झाली की ती पत्र्याची पेटी उचलून वैनगंगेपलीकडे जायची, ती थेट होळीलाच परतायची. तिकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत मंडप पडतो, रंगमंच उभा राहतो, आणि रंगमंचाच्या ऐन पुढ्यात, नट आणि प्रेक्षक यांच्या मधोमध, एक माणूस मावेल एवढा खड्डा खणतात. त्यात प्रॉम्प्टर बसतो. आज हे गाव, उद्या ते गाव, आणि कित्येकदा आज हे नाटक, उद्या ते नाटक. पाठांतराला सवड कोणाला? खड्ड्यातला माणूस वाक्य पुटपुटतो, वरचा नट ते उचलतो आणि समोरचे लोक रडतात. आत्या म्हणायची, "लोकायचं नाटक पोटातून येते म्हणतात. माहं कानातून येते. पण रडनारे दोन्हीले सारखेच रडते."

आत्याचा जन्म अल्लीपूरचा. गावात जयंतीला जलसा व्हायचा, छोटं नाटक बसायचं, आणि त्यात बाईचं काम करायला बाईच हवी, असा हट्ट माझ्या आजोबांनी धरला. दुसऱ्याच्या मुलीला सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची मुलगी उभी केली. वैनगंगेपलीकडच्या एका नाटक कंपनीच्या मालकानं तिला तिथे पाहिलं आणि दुसऱ्याच हंगामात ती नायिका झाली. आजोबा म्हणे गावभर सांगत फिरले, "माही पोरगी नटी झाली." तेव्हापासून ती अख्ख्या गावाची नटी आणि पुढे आमची नटीआत्या झाली. ज्या काळात हा शब्द लोक आवाज खाली करून उच्चारत, त्या काळात आमच्या घरात तो हाक मारायला वापरला जाई. मला याचा अजून अभिमान वाटतो.

तिचं लग्नही झालं होतं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही, हे मी एकदा धीर करून विचारलं होतं. मान कलली, नजर खाली गेली, श्वास गेला. मग तिनं मला वांगी चिरायला बसवलं.

तिचे प्रॉम्प्टर देवराव मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. खड्ड्यात बसणाऱ्याला तिकडे मानानं मास्तरच म्हणतात. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आवाज घोगरा, पण शब्दाला पक्के. आत्या रंगमंचावर नेहमी अशी उभी राहायची की तिचा डावा कान मास्तरांकडे असेल. त्यापायी कित्येक नायकांना आयुष्यभर तिच्या उजव्या बाजूलाच प्रेम करावं लागलं.

मास्तरांचा एक किस्सा ती शंभरदा सांगायची आणि आम्ही शंभरदा ऐकायचो. प्रयोग ऐन रंगात होता. आत्या विधवेच्या वेशात, देवाला जाब विचारत होती. तेवढ्यात खड्ड्यात कुठूनसा बेडूक आला आणि मास्तरांच्या धोतरात शिरला. मास्तर ओरडत बाहेर आले ते थेट रंगमंचावर. चार हजार डोळे आणि मधोमध धोतर सावरणारा, तोंडात खर्रा असलेला, नाटकाशी काडीचा संबंध नसलेला माणूस! आत्यानं मान कलवली. खड्डा रिकामा होता. पण एक श्वास जाताच तिनं मास्तरांचे पाय धरले आणि हंबरडा फोडला, "आलात? जगानं माझं कुंकू पुसलं, आणि तुम्ही आज आलात?" मंडपात बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मास्तरांना खर्ऱ्यामुळे बोलता येईना, ते लोकांना गहिवर वाटला. पुढच्या साली त्याच गावाचे लोक सुपारी द्यायला आले आणि अडून बसले, "नाटक कोनतंही करा, पन जमिनीतून नवरा निंगाले पायजे!"

उतारवयात तिला मुंबईचं बोलावणं आलं. एका मालिकेत श्रीमंत घरची स्वयंपाकीण हवी होती, विदर्भातली. आत्या सेटवर पोचली आणि पहिला प्रश्न विचारला, "मले सांगनारा कुठी बसते?" सगळे हसले. पण तिला पानभर संवाद हातात देऊन 'पाठ करा' म्हटल्यावर ती भांबावली. शेवटी मेकअपच्या बाईशी तिनं मैत्री केली आणि त्या माउलीला स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसवलं. म्हणून त्या मालिकेत आमची आत्या कधी ओटा सोडून हलली नाही. घरात भांडण असो, लग्न असो, मयत असो, ती ओट्याशीच. एका पेपरात कोणीतरी लिहिलं की या पात्राची चुलीशी असलेली निष्ठा हृदय हेलावून सोडते. ते कात्रण आईनं जपून ठेवलं होतं, आणि आत्या रुसली की ती ते मोठ्यानं वाचून दाखवायची.

त्या मालिकेनं तिला वर्ध्यात प्रसिद्धी दिली. पवनारच्या बसमध्ये कंडक्टर तिला बसायला जागा करून द्यायचा, किराण्याचे शेठजी "बाई, आज काय शिजवून राह्यल्या मालिकेत?" असं विचारायचे. ती हसून उत्तर द्यायची. पण घरी आल्यावर एकदा जे म्हणाली ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

"तिकडं नाटकात मी रडली तं पुस्तकातल्या बोलीत रडली. माह्या बोलीत बोलनारा तिथी इनोदी नट. आन या टीवीत माह्या बोलीत बोलून राह्यली, तं लोक हासून राह्यले. माह्या पोराचा अपघात झाला असं वाक्य होतं, पोरी. तरी हासले. एकडाव मले माह्या बोलीत रडाचं हाय, आन कोनी हासाले नाई पायजे."

ती हे रागानं म्हणाली नाही. पण मला फार लागलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या वर्गात एखादं पोर "मले" म्हणालं की बाकीची पोरं काय करतात, ते मला ठाऊक आहे.

आणि मग तिचे कान गेले. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण ती उत्तर द्यायला थांबते हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. थांबणं लांबत गेलं. एके दिवशी तिच्या पाठीमागे कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या आणि ती शांतपणे तांदूळ निवडत राहिली, तेव्हा आई माझ्याकडे बघू लागली. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते तिनं दोन दिवस घातलं आणि काढून डब्यात ठेवलं. "शिट्टी मारते मेलं. मले या वयात कोन शिट्टी मारते?"

देवराव मास्तर तोवर वारले होते. कान गेले तसा तिचा तिकडचा हंगामही थांबला. दिवाळी झाली की ती पेटी अंगणात काढायची, उन्हात ठेवायची आणि पुन्हा पलंगाखाली सारायची.

अशात तो दिग्दर्शक आला. पुण्याचा तरुण होता, पहिलाच सिनेमा करत होता, आणि पवनारला धाम नदीच्या काठी शूटिंग होतं. गोष्ट साधी होती. म्हातारी आई काठावरच्या घरात एकटी, मुलगा शहरात न्यायला येतो, ती जात नाही. आईचं काम त्यानं आत्याला देऊ केलं. सगळे संवाद वऱ्हाडीत होते आणि त्यांत विनोदाचा एक शब्द नव्हता. बोलताना तो आत्याच्या अगदी समोर बसला होता, म्हणून ओठांवरून तिला बरंचसं उमगलं. बाकीचं मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं आणि त्याला वाटलं, बाई जरा लाजाळू आहेत.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, त्याला सांगून टाकू. यंत्र लावून कर."

मान कलली. मग ती म्हणाली, "नाई सांगाचं. बयरी बाई कोन घेते? दुसरी आनतीन मुंबईची. ते मले म्हनाच्या जागी मल्ले म्हनन, आन लोक पुन्ना हासतीन. हे मले करू दे, पोरी."

आणि तिनं जे कधी केलं नव्हतं ते करायला घेतलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर ती पाठांतराला बसली. रोज शाळा सुटल्यावर मी तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि सावकाश, ओठ नीट हलवत वाक्य म्हणायची. ती माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणायची. विसरली की स्वतःवरच चिडायची, "मास्तर असते तं हे दिवस पायले नसते." सगळ्यात जास्त तिला शेवटचं वाक्य अडायचं. मुलगा निघतो तेव्हा आई म्हणते, "तू जाय. मी हाय इथंच." एवढंसं वाक्य, पण ती दर वेळी त्यात काहीतरी जास्तीचं घालायची, कधी मुलाला आशीर्वाद, कधी देवाला जाब. झाडीपट्टीची सवय! "एवढ्याशानं कोन रडन?" ती विचारायची. मी म्हणायची, "तू म्हणून तर बघ."

वाक्यं पोटात बसली, तरी एक अडचण राहिलीच. समोरच्याचं बोलणं कधी संपलं, हे तिला कळणार कसं? तो पाठमोरा असला तर ओठही दिसणार नाहीत. यावर तिनं दोन दिवस विचार केला आणि शूटिंगच्या पहिल्या सकाळी दिग्दर्शकाला सांगितलं, "कॅमेऱ्याच्या खाली एक खड्डा खना. माही भाची त्याच्यात बसन. झाडीपट्टीची रीत हाय, त्याबिगर मी काम नाई करत." तिचा आवाज असा होता की बिचाऱ्यानं मुकाट्यानं दोन मजूर बोलावले.

मला तिनं आधीच पढवून ठेवलं होतं. "काही सांगू नको. मले ऐकू नाई येत. त्याचं बोलून झालं का नुसती मान हालवजो. बाकी माह्यापाशी हाय."

म्हणून सुट्ट्यांचे सगळे दिवस मी धामच्या काठी खड्ड्यात बसून काढले. ओली माती, मुंग्या आणि डोक्यावर कॅमेरा. बेडकाची मला खरंच भीती वाटत होती. समोरचा नट बोलून थांबायचा, मी मान हलवायची. ती सवयीनं डावीकडे कलायची, एक श्वास जायचा आणि मग बोलायची. त्या थांबण्यावर दिग्दर्शक खूश झाला. म्हणे एवढी शांतता त्याला कागदावर लिहिता आली नसती. आत्यानं मला विचारलं, "काय म्हनून राह्यला?" मी सांगितलं. ती गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "मास्तरचा हिस्सा हाय त्याच्यात."

शेवटचं दृश्य झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं ते वाक्य त्या दिवशी अगदी जसंच्या तसं म्हटलं, ना आशीर्वाद, ना जाब. मी खड्ड्यात असल्यामुळे मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, लोकांवर काय परिणाम झाला ते कळलं नाही. वर आल्याआल्या तिनं मला तेच विचारलं, "कोनी हासलं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "तुले खड्ड्यातून काय दिसते? सिनेमा लागन तवा लोकायकडं पायजो." सिनेमा लागला की वर्ध्यात सगळ्यांसोबत बघायचा, असं तिनं ठरवलं होतं. निळी साडीही काढून ठेवली होती.

सिनेमा लागायला वर्ष गेलं. त्याआधीच, साध्या तापाचं निमित्त होऊन, आत्या गेली. पुण्यानुमोदनाला, तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, दिग्दर्शक आला होता. बाईंच्या त्या मौनावर तो भरभरून बोलला. मी त्याला काही सांगितलं नाही. तिनं 'नाई सांगाचं' म्हटलं होतं, आणि ती हयात असतानाच सांगायला हवं होतं, असंही मला कधी वाटलं नाही. आज सांगते आहे, कारण आता तिच्या जागी मुंबईची बाई कोणी आणू शकत नाही.

वर्ध्यात सिनेमा लागला तेव्हा आईनं मागच्या रांगेतली चांगली तिकिटं काढली होती. मी मात्र अगदी पुढच्या रांगेत, पडद्याच्या खाली जाऊन बसले. आईनं "मान मोडन तुही" म्हणून बजावलं, पण माझी जागा तीच होती. मागे सगळी आपलीच माणसं. शेठजी सहकुटुंब आले होते, अल्लीपूरहून गाडी भरून लोक आले होते, कॉलेजची पोरं होती. सुरुवातीला, आत्या पडद्यावर पहिल्यांदा "काऊन रे, जेवला नाई?" म्हणाली, तेव्हा मागच्या पोरांतून हसू आलंच. मालिकेची ओळख!

मग हळूहळू हसू विरत गेलं आणि शेवट आला. मुलगा बोलत होता, पाठमोरा. त्याचं बोलणं संपलं. पडद्यावरून आत्यानं खाली, नेमकं माझ्याकडे पाहिलं.

त्या अंधारात मी मान हलवली.

तिची मान डावीकडे कलली, एक श्वास गेला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तू जाय. मी हाय इथंच."

तिनं सांगितलं होतं तसं मी मागे वळून लोकांकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं.