काकूंचं पाणी

गॅसवर दूध चढवलं होतं, यांचा शर्ट इस्त्रीखाली होता आणि मुलगी आतून ओरडत होती की तिला एकच मोजा सापडतोय. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असूनही बोटांनी दार वाजवणारा आमच्या ओळखीत एकच माणूस, शेजारचे फोटोकाका.

काका गळ्यात कॅमेरा अडकवून उभे होते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

"मोठा आरसा आहे का तुमच्याकडे? भिंतीवरून निघणारा?"

"काय काका, सकाळी सकाळी आरसा?" हे आतून म्हणाले. "पुन्हा बोहल्यावर चढताय की काय?"

एरवी काकांनी अशी थट्टा दामदुपटीने परत केली असती. आज ते माझ्याकडे वळले. "थोडा उजेड पाडायचाय हौदावर. धरायलाही कुणीतरी लागेल."

मी गॅस बंद केला, आरसा खिळ्यावरून उतरवला आणि त्यांच्या मागोमाग गेले.

काकांचा चौकात स्टुडिओ होता. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे ओळखपत्रावरचे चेहरे त्यांनीच काढलेले. "हनुवटी खाली, खांदे सैल, आता श्वास सोडा," असं ते इतक्या मायेनं म्हणायचे की डॉक्टरकडे आल्यासारखं वाटायचं. पण जीव सगळा घरामागच्या बागेत. बाग काकूंची, कॅमेरा काकांचा आणि भांडण दोघांचं. बागेत काकूंनी स्वतः उभं राहून एक छोटा सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. नळीतून येणारं पाणी एका तिरप्या दगडावर पडायचं, तिथून हौदात. हौदात लिली, कडेनं नेचे.

काका या पाण्याचे फोटो काढायचे ते शटर बराच वेळ उघडं ठेवून. कॅमेरा तिपाईवर, स्वतः श्वास रोखून. तसं केलं की पडणारं पाणी फोटोत तुटत नाही, धुक्यासारखं मऊ उतरतं. असाच एक मोठा फोटो स्टुडिओत लावलेला होता. गिऱ्हाइकं विचारायची, "हा धबधबा कुठला हो?" काका म्हणायचे, "लांबचा आहे." काकू डबा घेऊन आलेल्या असल्या तर तिथूनच सांगायच्या, "लांबचा कसला, आमच्या मोरीमागचा."

त्या काकू आता पुढच्या खोलीत झोपून होत्या. औषधं करून झाली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, याचा अर्थ न विचारताच सगळ्यांना कळला. त्यांचा पलंग मागच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून तो रस्त्याकडच्या खिडकीशी लावला होता. कूस बदलली तरी हाडं दुखायची; उचलून बागेत नेणं शक्यच नव्हतं. आणि त्यांना एकदा आपला हौद बघायचा होता.

"फोटो काढून नेला मी," आरसा भिंतीला टेकवत काका म्हणाले. "चांगला मोठा छापून. तर म्हणते, हे दूध आहे. माझं पाणी कुठंय?"

मला हसू आलं, ते मी गिळलं.

"मग शटर जोरात चालवलं. थेंब सुटे दिसले, पण सगळा काळोख. म्हणाली, रात्री काढलात का?"

अडचण काय होती ते त्यांनी मला समजावलं. हौदावर मोठ्या झाडाची सावली. शटर झटकन मिटलं की उजेड आत येत नाही. भिंग जास्त उघडावं तर पुढचा थेंब स्पष्ट आणि मागची फुलं पुसट. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी तर फोटोत रव्यासारखे दाणे. एकाचं मन राखलं की दुसरा रुसतो. दुपारी ऊन हौदावर येतं खरं, पण तोवर लिली मिटलेली असते. म्हणून सकाळचंच ऊन कुंपणाकडून उचलून पाण्यावर टाकायचं होतं.

मी कुंपणाशी आरसा धरला. उजेडाचा तुकडा आधी झाडावर गेला, मग काकांच्या टकलावर.

"खाली, अजून खाली. माझा फोटो नकोय."

उजेड दगडावर बसला आणि पाणी एकदम जागं झालं. काका ओल्या मातीत गुडघे टेकून बसले. तिपाई कडेला तशीच. एकामागून एक फोटो काढत राहिले, मध्येच चाक फिरवत, स्वतःशी पुटपुटत. माझे हात भरून आले तेव्हा ते उठले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी दाखवलं. दगडावरून उडालेला थेंब न् थेंब वेगळा. लिलीच्या पाकळ्यांवरच्या रेघा, दगडावरचं शेवाळ, कडेला पाणी प्यायला बसलेली गांधीलमाशी. आणि वर कोपऱ्यात नळी, तिच्या गळक्या सांध्याला काकूंनी बांधलेल्या जुन्या साडीच्या चिंधीसकट. ही नळी काकांनी कधीच फोटोत येऊ दिली नव्हती. आताही त्यांचं बोट कोपरा कापायला गेलं, आणि तसंच थांबलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"आता आवडेल काकूंना," मी म्हटलं.

काका मागच्या पायरीवर बसले. कॅमेरा मांडीवर. "काल तिसरा फोटो दाखवला होता, दाणे आलेला. बघितला आणि म्हणाली, छान आहे. डोळे मिटून घेतले."

"मग?"

"लग्न झाल्यापासून माझ्या एका फोटोला तिनं छान म्हटलेलं नाही. आधी खोड काढायची, मग चहा द्यायची. काल म्हणाली, ते मला वाईट वाटू नये म्हणून. तिला तिचं पाणी दिसलंच नव्हतं."

आतून काकूंचा खोकला ऐकू आला. काकांनी तिकडे कान दिला.

"मी नेला की ती छानच म्हणणार. मग हे बरोबर आलंय की नाही, मला कधी कळायचंच नाही. आणि फार दिवस नाहीत."

मी आरसा पायरीला टेकवून उभा केला.

"हा फोटो तुम्ही दाखवा तिला," काका म्हणाले. "तुम्ही काढलाय म्हणून सांगा. मी इथंच बसतो."