नकाशात नसलेलं घर

जनार्दन पागे यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. एक्क्याण्णव साली ते बडोद्यातल्या एका खासगी मोजणी कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि तेव्हापासून त्यांच्या नकाशात कोणाला चूक सापडली नव्हती. पुढे कॉम्प्युटर आले, तरी दाट वस्तीचा पहिला नकाशा पागेच मोजायची फीत घेऊन, गल्लीबोळ हिंडून, हाताने काढत. बाकीच्यांनी तो फक्त कॉम्प्युटरवर चढवायचा.

दुसरी ख्याती पंगतीतली. रावपुऱ्यातल्या गणपतीच्या महाप्रसादाला पागे वर्षानुवर्षं वाढायला उभे. वाढणाऱ्याने शेवटी बसायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बँकेच्या रांगेतही ते मागच्याला पुढे घालत. त्यांच्या पत्नी प्रेमलाताई त्यांच्याबरोबर बँकेत जाणं टाळत.

२०१७ साली बुलेट ट्रेनच्या स्टेशनाचं वारं सुटलं आणि जुन्या स्टेशनाजवळच्या एका वस्तीच्या मोजणीचं काम पागेंच्या कंपनीला मिळालं. त्याच वस्तीत पागेंचं दोन खोल्यांचं घर. पागेंनी एकशे बारा घरं मोजली, काढली. आपलं अर्थातच शेवटी ठेवलं. तेवढ्यात परदेशी पाहुणे येणार म्हणून कंपनीतला इंजिनियर कुशल घाईघाईने नकाशा न्यायला आला.

"झालं ना, काका?"

"एक राहिलंय. आमचंच आहे, मागाहून बघू," पागे संकोचून म्हणाले.

कुशलने नकाशा गुंडाळला. मागाहून कोणीच बघितलं नाही. स्वतःच्या घरासाठी आठवण करून देणं पागेंना बरं दिसेना.

सहा महिन्यांनी रंगीत पत्रक आलं. काचेचे मनोरे, हॉटेल, आणि पागेंच्या जागी हिरवीगार बाग. प्रेमलाताईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"माझ्या ओट्यावर कारंजं बसवलंय," त्या म्हणाल्या.

घरं पाडायच्या नोटिसा शेजारीपाजारी सगळ्यांना आल्या. बदल्यात लांब हरणी भागातल्या एका सोसायटीत फ्लॅट. पागेंना काहीच आलं नाही. ते प्रकल्पाच्या कचेरीत गेले. कारकुनाने नकाशा पसरला. समोर कोण उभं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काका, इथे तर खुल्लो प्लॉट छे. घर नथी."

"मी तिथेच राहतो."

"नकाशा पागेसाहेबांचा आहे, काका. एमनी भूल ना होय, चूक होणारच नाही."

पागेंना फार बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

मार्ग एकच होता. नकाशात आपली चूक झाली असं पागेंनी सहीनिशी लिहून द्यायचं आणि घर काढून द्यायचं. नाहीतर घर पडणारच होतं आणि फ्लॅट मिळणार नव्हता. पागेंनी तीन आठवडे कागदाला हात लावला नाही. शेवटी प्रेमलाताईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "तुमचा नकाशा बरोबर राहावा म्हणून मी कुठे राहू? बागेत?"

दुसऱ्या दिवशी पागेंनी लिहून दिलं. दोन ओळींना अर्धा तास लागला. मग ते कंपनीत आपल्या टेबलाशी बसले. घरी फीत नेली नव्हती, मापं तोंडपाठ होती. पुढची खोली, स्वयंपाकघर, देवाचा कोनाडा, मागची मोरी, प्रेमलाताईंचा ओटा.

"काका, बाहेरची रेघ पुरे," कुशल म्हणाला.

पागेंनी ऐकलं नाही. खिडकीसुद्धा काढली. इतकी वर्षं त्या घरात राहून ते आपल्याला इतकं आवडतं हे त्यांना त्या टेबलाशी कळलं आणि त्यांना रडू आलं.

कुशलने लाल पेन पुढे केलं. पाडायच्या घरावर फुली मारायची असते. बाकीच्या एकशे बारा फुल्या मारून झाल्या होत्या.

पागेंनी पट्टी लावली आणि फुली मारली. एक रेघ वाकडी गेली.

"राहू द्या, काका," कुशल हळूच म्हणाला. "कॉम्प्युटरवर सरळ करू."