भिंतीकडचं सिंक

अक्का सिंक घ्यायला गेल्या त्या पुरणाच्या मांड्यांची कणीक मळायची परात काखेत मारून. धुळ्याच्या दुकानात एकेका सिंकमध्ये त्यांनी ती उतरवून, फिरवून पाहिली. मग पिशवीतली पाण्याची बाटली तळाशी ओतली. कोपऱ्यात थेंबभर पाणी राहिलं की सिंक नापास. दुकानदार वैतागला, "अक्का, पोर पाहाले उनात का सिंक लेवाले?" अक्का म्हणाल्या, "पोर पाहीसनच उनू. तिन्हाकरताच लेवानं शे."

अक्का जिला पाहून आल्या होत्या आणि जिच्यासाठी सिंक घेत होत्या, ती पोर म्हणजे मी. अक्का माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही.

आमच्या दोंडाईच्याच्या घरी त्या मला पाहायला आल्या, तेव्हा आईनं मला बजावून ठेवलं होतं : चहा उजव्या हातानं दे. मी डावखुरी. एक कप कलंडला आणि माझा डावा हात आपसूक पुढे गेला. कप वाचला, पण आईनं डोळे वटारले. डाव्या हातानं वाढणारी सून कोण करून घेणार, या धास्तीनं तिनं लहानपणी माझी बोटं लाल केली होती. अक्कांनी तोच कप उचलून चहा संपवला. लग्न ठरलं, तेव्हा आम्हाला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसावं. आता जन्मभर हात लपवायचा, या विचारानं मला रडू यायचं.

तिकडे धुळ्यात, देवपूरच्या घरी, स्वयंपाकघराच्या दोन भिंतींमधे त्यांचा नवा ओटा होत होता. पुढचं मला नवऱ्यानं लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ग्रॅनाइटवाल्यानं पाइप होता तिथं, डाव्या टोकाला भिंतीलगत, सिंकची खूण केली. अक्कांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. "तिकडला टोकले कर. सून डावखुरी शे, आठे तिना कोपर भित्तले लागई."

"पाइप फिरवना पडई अक्का, भित फोडनी पडई."

"मंग फोड ना भाऊ."

चुलतसासूबाई म्हणाल्या, ओटा कशाला बदलता, सुनेची सवय बदला. तोवर मशीन फिरलं होतं. "दगड कापाई गया," अक्का म्हणाल्या, "आते बोलीसन काय फायदा?"

लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत मी उजव्या हातानं सांडत-लवंडत वरण वाढत होते. अक्का सगळ्यांसमोर ओरडल्या, "डावा हात लाव व माय! कोनता हातवरी वाढं, पोटले काय समजस?" पंगत हसली, मीही हसले.

तशा त्या गरीब गाय नव्हत्या. नळ जरा मोठा सोडला की आतल्या खोलीतून हाक यायची, आणि मी घासलेलं पातेलं उन्हात धरून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी चिडायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. तेराव्याला नणंद भांडी घासायला उभी राहिली आणि कळवळली. तिचं उजवं कोपर सिंकलगतच्या उजव्या भिंतीवर आपटलं होतं. ते चोळत ती म्हणाली, "वहिनी, आईचं रोज हेच व्हायचं. फोनवर सांगायची, मन्हं कोपर सोलाई गयं, पन पोरले सांगू नको."

मी भिंतीकडे पाहिलं. सिंकच्या वर, कोपराच्या उंचीला, रंग उडालेला एक डाग होता. इतकी वर्षं साबणाचा समजून मी तो घासत आले होते. तिथंच ओट्यावर डोकं टेकून मी रडले. माझी आई गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते.