ती पाठमोरी बाई

परवा आईला घेऊन अमरावतीहून अकोल्याला गेले होते. जठारपेठेत एका छोट्या हॉलमध्ये एक जुनी डॉक्युमेंटरी दाखवणार होते... एड्ससोबत जगणाऱ्या माणसांवरची, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. त्यात माझे आईबाबा आहेत.

शूटिंग झालं तेव्हा आम्ही हिवरखेडला राहायचो, मी तीन वर्षांची. बाबांनी चेहरा दाखवायला होकार दिला, आईने नाही. वर्षभरात बाबा गेले... फिल्म आम्ही कधी पाहिलीच नाही.

दिवे मालवले. पडद्यावर दुधाळ उजेड पसरला... कापूस, धुळीचा रस्ता, मग आमचं अंगण. आणि बाबा बोलायला लागले. फोटोत रोज बघते त्यांना, पण आवाज जाणत्या वयात पहिल्यांदाच ऐकत होते. जरा किनरा, मधूनच खोकला.

तब्येतीचं विचारल्यावर म्हणतात, "माहं राहू द्या... तुमी च्या घेता काय, ते सांगा." हॉल हसला. मला मात्र झोपेत असल्यासारखं वाटत होतं... कुणी उठवू नये असं.

मग चुलीपाशी बसलेली एक पाठमोरी बाई. लांब वेणी, हलका आवाज. "नळावर बाया माही बकेट लावू देत नाई," एवढंच बोलते. शेजारी बसलेली आई श्वास रोखून स्वतःलाच ऐकत होती.

फिल्म संपल्यावर कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, "त्या पाठमोऱ्या बाई... आहेत का अजून?" आयोजक पुढच्या प्रश्नाकडे वळले. ओळख सांगायची नाही, असं आईने त्यांना आधीच बजावलं होतं. अमरावतीत आमच्या गल्लीतही कुणाला माहीत नाही.

आणि आई उभी राहिली.

"हाओ ना... मीच ते. लोकं म्हनत, दोन सालं बी काढनार नाई. आता मले नातू हाये. रोज गोळ्या घेतो, रोज कामाले जातो."

मग ती मुलगी जवळ आली, नाव विचारलं. आईने सांगितलं, "शोभा." इतकं सावकाश, जणू स्वतःच ऐकून पाहतेय...

तेव्हा कॅमेऱ्यामागे जे कुणी होते, त्यांचे आभार कसे मानू? बाबांचा आवाज आता माझ्या फोनमध्ये आहे.

परतीच्या बसमध्ये आईला विचारलं, हे फेसबुकवर लिहू का? ती म्हणाली, "लिही. पन माहा फोटो चांगला लावजो."

लावलाय, आई.