कलश रिकामा होईपर्यंत

आमच्या पावलांवर गोमूत्र शिंपडलं, तेव्हा ती पावलं अजून ओली होती.

देवळाच्या सभामंडपातला रेंदा आम्ही काढला होता. खाडीचा काळा चिखल. मेलेल्या माशांचा वास मारणारा. आधी फावड्याने काढला, मग घमेल्यांनी, शेवटी नुसत्या हातांनी. नंतर बादल्या ओतून फरशी धुतली, खांब पुसले. काम संपलं तशा आम्ही बायका पायऱ्यांकडे निघालो. मागे टपटप आवाज आला म्हणून वळून बघितलं. पुजाऱ्याचा पुतण्या हातात तांब्याचा कलश घेऊन आमच्या मागून येत होता. आंब्याच्या डहाळीने शिंपडत. आम्ही पाऊल उचललं की तो त्या जागेवर शिंपडायचा. सबंध मंडपात नाही. आमची पावलं जिथे उमटली तिथेच.

तो माझ्याच वर्गात होता. एका शाळेत, एका गुरुजींकडे शिकलो आम्ही.

माझी आये सगळ्यात मागे होती. डावा हात झोळीत बांधून गळ्यात अडकवलेला. उरलेल्या एका हाताने तिने खांब पुसले होते. चार थेंब तिच्या घोट्यावर पडले. ती दचकली. मग तिने तो एक हात कपाळाला लावला आणि त्याला नमस्कार केला.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं ते तिथे. गोमूत्राने नाही. त्या नमस्काराने.

मी एसटीत कंडक्टर आहे. कणकवलीच्या गाडीवर. पेठेतली माणसं रोज माझ्या हातातून तिकीट घेतात, सुटे पैसे घेतात. 'ताई, वाईच थांबा' म्हणतात. मला वाटायचं, झालं. संपलं ते. आमच्या आज्यांच्या काळातलं होतं, गेलं.

आमचं गाव जुनं बंदर. पेठेतले चिरेबंदी वाडे, फरसबंद रस्ता, खाडीवरचा दगडी धक्का. बाहेरची माणसं फोटो काढायला येतात. पेठ उंचावर, आणि धक्क्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची बौद्धवाडी. पेठेतले तिला 'खालची वाडी' म्हणतात. आम्हाला 'खालचे'. या शब्दात जमिनीचा उतार किती आणि बाकी काय किती, ते बोलणाऱ्याला ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही.

वादळाच्या दिवशी सकाळीच गाड्या बंद झाल्या. मी घरी आले. मोबाईलवर सारखे इशारे येत होते. समुद्र मात्र गप्प होता. वारा पडला होता. माडाचं एक झाप हलत नव्हतं. कावळे सगळे पेठेकडे गेले होते. आमच्या शेजारचा म्हातारा, भिकूआजो, जन्मभर होडीवर राबलेला माणूस. खाडीकडे बघून म्हणाला, "पाणी मागे गेला. ह्या बरा नाय. चला, वर चला."

दुपारी वारा सुटला आणि आम्ही निघालो. पेठेच्या उताराला, देवळाशेजारी भक्तनिवास आहे. दोन मजली, सिमेंटचा स्लॅब. देणगी गावाने गोळा केली तेव्हा आमच्या वाडीतूनही नेली होती. वाटेत एक माड पडला, मग दुसरा. पोरं रडायची थांबली होती. घाबरलेली पोरं रडतात. फार घाबरलेली रडत नाहीत.

भक्तनिवासाच्या फाटकावर पेठेतला बाबल उभा होता. वरच्या गॅलरीत माणसं दिसत होती. कोणीतरी कपातून चहा पीत होतं.

"जागा नाय," बाबल म्हणाला.

"आमका खाली जिन्यात बसूक दे," आये म्हणाली. "म्हातारी माणसां आसत, पोरां आसत."

बाबल वर बघायला लागला. गुरुजी खाली आले. आमचे गुरुजी. निवृत्त झाल्यापासून देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. मला पाढे त्यांनी शिकवले. मी कंडक्टर झाले तेव्हा पेढा मागून खाल्ला होता. ते आमच्याशी कायम शुद्ध मराठीत, हळू आवाजात बोलत.

"वर देवाची भांडी हलवली आहेत, सोवळ्यातल्या बायका आहेत," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या विहारात जा. तुम्हालाही तेच बरं पडेल. तू शिकलेली आहेस बाळ, समजून घे."

मी समजून घेतलं. फाटकाची कडी आतून लागली, आणि आम्ही वादळात परत खाली उतरलो.

विहार म्हणजे चार भिंती आणि पत्रे. पहिला पत्रा उडाला तेव्हा तो आयेच्या खांद्यावरून गेला. हाड मोडलं. दुसरा कुठे गेला ते दिसलंच नाही. मग खाडी आत आली. ती लाट नव्हती. दाराखालून आलेलं पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. आम्ही पोरांना मूर्तीच्या ओट्यावर चढवलं. मागची भिंत आधी फुगली. चिऱ्यांची भिंत फुगते हे मी त्या दिवशी बघितलं. भिकूआजो तिला पाठ लावून उभा होता, एका पोराला डोक्यावर धरून. पोर आम्ही ओढून घेतलं. आजो भिंतीखाली गेला.

त्याला माती दिली तेव्हाही जमीन ओली होती. खड्डा खणला की पाणी भरायचं.

त्याला दोन-तीन दिवस झाले असतील, गुरुजी स्वतः वाडीत आले. पहिल्यांदाच. चप्पल काढून उभे राहिले.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खाडीचं पाणी देवळातही शिरलं. सभामंडपात मांडीभर गाळ आहे. आता जात-पात बघायची वेळ नाही. गाव सगळं एक झालं पाहिजे."

मी म्हटलं, जाऊ नका. आये म्हणाली, "गावाचा काम आसा गो. गावात ऱ्हवाचा आसा." बाकीच्या बायका तिच्या मागून निघाल्या. मीही निघाले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, गुरुजींना लाज वाटली असेल. पाण्याने पेठेचा आणि आमचा रेंदा एक केला, माणसंही थोडी होतील.

देवळाच्या पायऱ्या मी जन्मात पहिल्यांदा चढले त्या दिवशी. आयेही. हातात घमेलं होतं म्हणून कोणी अडवलं नाही. पेठेतले बाप्ये बाहेरच्या ओट्यावर बसून कुठला कोपरा राहिला ते सांगत होते. त्यांना सरबत स्टीलच्या पेल्यातून आलं. आम्हाला कागदी कपातून. कप बाहेरच्या दगडी गडग्यावर मांडून ठेवलेले, आपले आपण उचलायचे. मीही एक उचलला. तहान लागली होती.

आणि मग तो कलश.

आयेचा हात कपाळावरून खाली यायच्या आत मी वळले. मंडपाच्या कडेला आम्हीच काढलेल्या रेंद्याचा ढीग होता. त्यात दोन्ही पाय घातले. घोट्यापर्यंत. आणि पुन्हा मंडपात चढले. धुतलेल्या फरशीवरून चालत सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. काळी पावलं उमटली. वळून परत आले.

"शिंपड," मी त्याला म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने शिंपडलं. सवयीने. एकेका पावलावर.

मी परत गेले. परत आले. "शिंपड."

त्याने शिंपडलं. मी चालले. ओट्यावरचे बाप्ये उभे राहिले होते. डहाळी कलशात घालायचा, शिंपडायचा. मी चालायची. शेवटी डहाळी नुसतीच कलशाच्या बुडाला खरवडली. कलश रिकामा झाला आणि मंडपभर माझी पावलं होती.

"आता काय करतंस?" मी विचारलं.

उत्तर गुरुजींनी दिलं. शुद्ध मराठीत नव्हे.

"भायर हो गो! पायरी इसारलंस काय? खालच्यांका भितर घेतला हीच चूक झाली!"

माझी सगळी शाळा त्या एका ओरडण्यात होती. मांडीवर न घेतलेली, लांबून तपासलेली पाटी. पाठ थोपटायच्या ऐवजी 'शाब्बास' म्हणणारा तो हळू आवाज. तो आवाज कधीच मऊ नव्हता. झाकलेला होता.

"चूक वादळाच्या दिवशी झाली," मी म्हटलं. "आमका भितर घेतला नाय, तेव्हा. भिकूआजो तुमच्या फाटकाच्या कडयेन मेलो."

"भायर ये गो, चेडवा," आये पायऱ्यांखालून रडत होती. "आमका हय ऱ्हवाचा आसा."

मी बाहेर आले ते पोलीस ठाण्यात जायला. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, बसवलं, मग म्हणाले, "पुरानंतर सगळेच गोमूत्र शिंपडतात, जंतू मरतात. यात जात कुठे आली?" मी म्हटलं, जंतू फक्त आमच्या पावलांत होते का? ते हसले. तक्रार घ्यायला त्यांनी बराच वेळ लावला. मी हलले नाही, तेव्हा घेतली.

नंतर पेठ बोलेनाशी झाली. दुकानात गेलं की माल संपलेला. आमची विहीर खारी झाली होती. पाण्याचा टँकर धक्क्यापर्यंत यायचा, उभा राहायचा, वळून जायचा. पेठेत वाड्यांची कौलं चढली, फरसबंदी नीट झाली, फोटोवाले परत यायला लागले. आम्ही ताडपत्रीखाली. संध्याकाळी कोणी वाडीच्या वाटेवर मोटारसायकल उभी करून इंजिन चालू ठेवायचा. उतरायचा नाही. नुसता दिवा आमच्या दारांवर मारून बसायचा.

मग पेठेतले दोघे आले. आयेकडे, मी नसताना येऊ म्हणून. पण मी होते. "मुलीला सांगा, कागद मागे घे. विहाराला नवीन पत्रे आम्ही घालून देतो. टँकरचंही बघतो."

आये भाकरी थापत होती. एका हाताने. दुसरा अजून वर जात नाही, जाणारही नाही म्हणतात डॉक्टर. मला वाटलं ती हो म्हणणार. वाडीतल्या सगळ्यांच्या घशाला कोरड होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "पत्रे उडतत. आमका नको."

ते गेल्यावर तिने पुढची भाकरी थापायला घेतली. त्या दिवसानंतर तिने पेठेतल्या कोणाला नमस्कार केलेला मी बघितला नाही.

केस चालू आहे. तारखा पडतात. मी जाते. एकटी जायचे, आता वाडीतलं कोणी ना कोणी बरोबर येतं.

आज सकाळी गाड्या पुन्हा बंद झाल्या. समुद्रात पुन्हा काहीतरी तयार झालंय, मोबाईलवर इशारे येतायत. वारा नाही. खाडी मागे सरली आहे आणि तळाचा काळा चिखल उघडा पडलाय. इतका लांबवर मी तो आजवर कधी बघितला नव्हता. पेठेतून भक्तनिवासाच्या जिन्यावर गाद्या चढवताना दिसतायत.

आम्ही वाडीतली सगळी माणसं अंगणात जमलो. कोणी रडलं नाही, कोणी कोणाला समजावलं नाही. म्हातारी पुढे, पोरं मधे, बाकी आम्ही मागे, एवढं ठरलं. वारा सुटायची वाट बघायची नाही. जागा आहे का म्हणून विचारायचं नाही. त्या इमारतीत आमचीही देणगी आहे. फाटक उघडं असेल तर चालत जाऊ. बंद असेल तर पहार बरोबर घेतली आहे. अंगावर हात टाकतील, टाकू देत. पुन्हा एकदा पोलीस, कोर्ट, या वेळी तुरुंगही, सगळं होऊ दे.

आमच्यातलं एकही माणूस या खेपेला बाहेर मरणार नाही.