ऐकू आलेला हात

बारावीच्या वर्गात मी जादूगाराच्या थाटात शिरतो, हे आधीच कबूल करतो. परळच्या आमच्या कॉलेजात मायक्रोवेव्हचा प्रयोग हा माझा वर्षभरातला सगळ्यात लाडका खेळ. टेबलावर दोन पेट्या. एक लहरी सोडते, दुसरी त्या पकडून 'ऊंऽऽ' असा सूर काढते. बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा धरला, की त्याच लहरी त्यावर आपटून दुसऱ्या वाटेनंही येतात. जणू पत्र्यात पहिल्या पेटीची जुळी बहीण बसली आहे आणि दोघी एकाच तालात ओरडताहेत. पत्रा सात-आठ मिलिमीटर सरकवा, एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो आणि सूर मरतो. दोघी ओरडतच असतात, पण ऐकू काही येत नाही. इथे मी आवाज खाली आणतो आणि मुलांना सांगतो, ही मेलेली जागा.

त्या वर्षी पत्र्याच्या स्टँडचा स्क्रू हरवला होता, म्हणून पत्रा मामांनी हातात धरला. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. मूळ कोकणातले, बिऱ्हाड लालबागला. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी मूर्तींच्या कारखान्यात डोळे आखायला जायचे. त्यांच्या हातचा डोळा म्हणजे बघणाऱ्याला जागचं हलू न देणारा.

मी पत्रा मागे घ्यायला सांगितला. सूर विरला. थांबा, म्हटलं. मामा थांबले, पण सूर थांबेना. ऊं, ऊं, ऊं, बारीक, ठरलेल्या तालात तो परत येत राहिला.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मामा व्हायब्रेटवर आहेत."

वर्ग फुटला. मीही हसलो, वर मामांना चहा कमी करायचा सल्ला दिला. मामा हसले आणि त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं. सूर येतच होता.

मुलं गेल्यावर त्यांनी पत्रा मला धरायला लावला. शांतता. मग त्यांनी डाव्या हातात घेतला. शांतता. उजव्या हातात घेतला, आणि ऊं, ऊं, ऊं. डोळ्यांना तो हात अगदी स्थिर दिसत होता. पेटीला मात्र त्यातला बारीक कंप ऐकू येत होता.

"सर, ही पेटी खोटं बोलते का कधी?"

मी जुन्या वायरींवर ढकललं. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर गणपतीनंतर बघू म्हणाले. येत्या रविवारी सकाळी त्यांना एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे करायचे होते. डोळा एकदा आखला की पुसता येत नाही. आठवडाभर मधल्या सुट्टीत ते यायचे, पत्रा धरायचे, ऐकायचे आणि पत्रा जागेवर ठेवून जायचे. शुक्रवारी मला ते बघवेना. ते पत्रा सावरत होते तेवढ्यात मी आवाजाचं बटण हळूच उतरवलं. सूर गेला. मी दोन्ही हात पसरून, नाटकातल्या वैद्यासारखा, बरे झालात म्हणून जाहीर केलं. मामांनी पेटीकडे बराच वेळ पाहिलं.

रविवारी मी कारखान्यात गेलो. मामा कुंचला घेऊन शिडीवर चढले होते. मला राहवेना. शिडीशी जाऊन पुटपुटलो, "मामा, परवा बटण मी उतरवलं होतं."

"ठाऊक आहे. ते बटण रोज मीच पुसतो."

"मग चढलात कशाला?"

"मग काय मालकाला सांगू, पेटी नको म्हणाली?"

डावा डोळा त्यांनी श्वास रोखून आखला. सुरेख उतरला. मग ते खाली आले आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले. वर मूर्तीचा एक डोळा उघडा, दुसरा पांढराफटक. तो एकटा डोळा आम्हा सगळ्यांकडे रोखून बघत होता. कारखान्यातलं काम आपोआप थांबलं. मालकांनी दबकत विचारलं, दुसरा डोळा दुसऱ्या कुणाला सांगू का?

"दोन डोळे दोन हातांचे झाले, तर नजर फुटते," मामा म्हणाले आणि उठले. "सर, शिडी धरा. आणि आता बोलू नका."

मी धरली. मामा वर गेले. वर कुंचला रंगात बुडत होता, आणि शिडीचं लाकूड माझ्या तळव्यांत थरथरत होतं.